फ्रिजवरच्या तेरा वसाहती

वाचनाचं वेड लागलेली माणसं मी आयुष्यात दोन पाहिली. एक आमच्या गावचा पोस्टमन. तो लोकांची पत्रं पोचवण्याआधी वाचायचा. दुसरे मास्तर. पोस्टमनला निदान आवडनिवड होती, लग्नाच्या वाटाघाटी असतील तरच तो पाकीट वाफेवर धरायचा. मास्तर समोर येईल ते वाचत. सिमेंटची गोणी, औषधाच्या खोक्यातला घडीघडीचा कागद, सलूनमधला दरांचा फलक. खुबूसच्या पिशवीवरचं अरबीसुद्धा! अरबी त्यांना अलिफच्या पुढे येत नव्हतं, पण उजवीकडून डावीकडे बोट फिरवत ते अख्खी पिशवी संपवत आणि मगच रोटीचा तुकडा मोडत.

"मास्तर, काय कळलं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"कुणीतरी बसून लिहिलंय, फोरमनसाहेब. कुणीतरी वाचायला नको?"

कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये एक सूचना चिकटवलेली होती. चौथ्या मजल्यापर्यंत मास्तर ती रोज वाचत, जणू काल रात्री त्यात बदल झाला असावा. एकदा लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. जुलै महिना, आत आम्ही सहा जण. बाहेर अशी उष्णता की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाच्या पातेल्यात घेतलं तर गॅस लावायची गरज नाही. आम्ही पाच जण इमारतीच्या राखणदाराच्या नावानं, त्याला इथे हारिस म्हणतात, तीन भाषांत बोंबलत होतो. मास्तरांनी शांतपणे सूचनेची सातवी ओळ वाचली, दोन बटणं एकदम दाबून धरली, आणि लिफ्ट खाली आली. मी शपथेवर सांगतो, ती सातवी ओळ त्या दिवसाआधी तिथे नव्हतीच.

मास्तर म्हणजे खरोखरीचे मास्तर. कोकणातल्या एका विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवत होते. अनुदान येणार, येणार म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. शेवटी वडिलांची पत्रा कापायची कात्री पिशवीत टाकली आणि कुवेतला आले. तिथल्या राई भागातल्या वर्कशॉपमध्ये आम्ही एसीचे डक्ट, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, बनवायचो. तिथे मी फोरमन, बाकीच्यांचा अण्णा, आणि मास्तर माझ्या हाताखाली. त्यांचा डक्ट म्हणजे काय विचारता! आमच्यातला वेल्डर बाबल म्हणायचा, "मास्तरांच्या डक्टातसून वारोसुद्धा चपला काढून जाता." पत्रा पसरला की ते त्याच्याकडे पाच मिनिटं नुसते बघत. मग खडूनं रेघ मारत. पुसत. पुन्हा मारत. मी घाई करायचो.

"कापा की मास्तर!"

"खडू पुसता येतो. कात्री पुसता येत नाही."

सकाळी बस निघाली की ते हजेरी घेत. कंपनीची नव्हे, स्वतःची. चौदा नावं, चौदा "उपस्थित". आमचा पेशावरचा ड्रायव्हर वर्षभरात इतका तयार झाला की आमच्याआधी तोच स्टिअरिंगवरून "उपस्थित!" ओरडायचा आणि मग गाडी गिअरमध्ये टाकायचा. आणखी एक खोड सांगायची राहिली. कुणी घरचं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं की मास्तर उठून उभे राहत. पत्रं बंद होऊन मोबाइल आले, तरी ते उभेच. गुरुनाथची बायको व्हॉट्सॲपवर "कुकरची शिट्टी आणा" एवढंच लिहायची, आणि गुरुनाथनं ते वाचून दाखवेपर्यंत मास्तर हातातलं ताट घेऊन खडे.

आमच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या आणि चौदा खाटा. सगळे सिंधुदुर्गातले, सगळे बायकापोरांना गावी ठेवून आलेले. शुक्रवारी सुट्टी. गुरुनाथ सुरमईचं सांबारं आणि सोलकढी करायचा आणि जेवताना मास्तर इतिहास सांगायचे. शाळा सुटली तरी तास सुटला नव्हता. आम्हीही ऐकायचो, कारण टीव्ही बिघडलेला होता आणि मास्तर बिघडत नव्हते.

एका वर्षी त्यांनी अमेरिका काढली. इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या, त्यांची कुरबुर वाढत वाढत स्वातंत्र्याच्या लढाईपर्यंत कशी गेली, ती गोष्ट. नुसतं सांगून थांबतील तर मास्तर कसले! वर्कशॉपमधल्या टाकाऊ पत्र्याचे त्यांनी तेरा तुकडे कापले, हुबेहूब नकाशातल्यासारखे. मागे जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं आणि अमेरिका आमच्या फ्रिजच्या दारावर बसवली. दार आपटलं की व्हर्जिनिया डेलावेअरवर आदळायची आणि मास्तर कळवळायचे. प्रत्येकाला एक वसाहत वाटून दिली. बाबलला मॅसेच्युसेट्स, कारण पहिली ठिणगी तिथेच पडली. गुरुनाथला जॉर्जिया, कारण पहिल्या सभेला जॉर्जिया आलीच नव्हती आणि गुरुनाथही कायम स्वयंपाकघरात. स्वतःला त्यांनी घेतलं ऱ्होड आयलंड, सगळ्यात लहान.

मी मोजले. तेरा तुकडे, आणि आम्ही चौदा.

"मास्तर, माझा तुकडा?"

"तुम्हांला तुकडा कशाला, फोरमनसाहेब? तुमचं सगळंच आहे."

असा मान! मी इतका खूश झालो की त्या दिवशी सुरमईची डोकीही वाटून टाकली.

आता थोडं माझ्याविषयी. मी राज्य फार उत्तम करत होतो. निदान माझं तसं मत होतं आणि दुसऱ्या कुणाचं मत विचारायची पद्धत नव्हती. कुवेतमधल्या कोकणी माणसाला वर्षात एकच गोष्ट हवी असते, गणपतीची रजा. मे महिन्यातली रजा म्हणजे नुसती रजा. गणपतीची रजा म्हणजे माणूस असल्याचा पुरावा. पण कंपनी म्हणायची, एका टोळीतून एका वेळी चारच जण जातील, यादी फोरमननं जूनअखेर द्यावी. पहिलं नाव मी घालायचो माझं. उरलेली तीन माझ्या मनाला येतील ती. एखाद्यानं गावाहून चांगले सुके बांगडे आणले असतील, एखाद्यानं माझ्या पत्त्यांच्या डावात योग्य वेळी हार मानली असेल. ऑफिसचा नियम होता की प्रत्येकानं लेखी अर्ज करावा. ते करायचे. मी ते घ्यायचो, घडी न उलगडता बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. वाचायचे कशाला? सगळ्यांच्या घरचं मला तोंडपाठ होतं! त्या डब्यात माझी सुई, दोरा आणि बटणंही असायची. म्हणजे सरकारी दप्तर अगदी सुरक्षित.

मास्तरांची गोष्ट एप्रिलमध्ये सुरू झाली. राजा समुद्रापलीकडे. युद्धात तिजोरी रिकामी झाली म्हणून त्यानं वसाहतींवर कर बसवला. कागदावर कर, वर्तमानपत्रावर कर, पत्त्यांच्या कॅटावर कर.

"पत्त्यांवर?" मी ओरडलो. "माणूस आहे की कोण!"

"कर मोठा नव्हता," मास्तर म्हणाले. "राग कराचा नव्हताच. ठरवताना आम्हांला विचारलं का नाही, याचा होता."

बाबलनं भात कालवता कालवता माझ्याकडे बघितलं. मी त्याला लिंबू दिलं. मला वाटलं, लिंबू हवं असेल.

पुढच्या शुक्रवारी लोकांनी राजाच्या मालावर बहिष्कार टाकला, राजानं कागदावरचा कर काढला आणि थोड्याच दिवसांत दुसरे लावले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चहा बंदरात ओतला. अहो, काय सांगितलं मास्तरांनी ते! पेट्या फुटल्याचा आवाज ते ताटावर चमचा मारून काढत होते. गुरुनाथला रडू आलं. त्याला राजकारण कळलं नव्हतं, चहा वाया गेल्याचं दुःख झालं. मग राजानं बंदर बंद केलं आणि मी ताटावर मूठ आपटली. या फ्लॅटमध्ये त्या राजाला सगळ्यात जास्त शिव्या कुणी घातल्या असतील तर मी. मालवणी शिव्या, त्याही जुन्या, माझ्या आजोबांच्या काळच्या, ज्या मी खास प्रसंगासाठी राखून ठेवल्या होत्या.

"मग लढाई?" मी विचारलं.

"इतक्यात नाही. आधी त्यांनी अर्ज लिहिला. राजालाच. नम्र अर्ज. आमच्या या या तक्रारी आहेत, आम्ही तुमचीच माणसं आहोत, एवढं वाचा. आणि तो बोटीनं पाठवला."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर पत्र्याची एक बोट आली. बोटभर लांब, शिडाची, कापलेल्या कडा कानशीनं घासून मऊ केलेल्या. खाली अमेरिका, आणि वर फ्रीझरचं दार म्हणजे इंग्लंड. मधला फ्रिज म्हणजे समुद्र.

पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी बोट नखभर सरकवली आणि समुद्राचं वर्णन केलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी नखभर, आणि बोटीवरच्या खलाशांच्या जेवणाचं वर्णन केलं. तिसऱ्या शुक्रवारी वादळ. चौथ्या शुक्रवारी पुन्हा वादळ, दुसऱ्या दिशेनं. इतिहासात इतकी वाईट हवा मी कधी ऐकली नाही. जून अर्धा संपला तरी बोट फळांच्या कप्प्यासमोरच.

"मास्तरांनू, ही खयची बोट?" बाबल तापायला लागला. "आमची देवगडची होडी एवढ्यात दोनदा जाऊन इली असती. लावा मा आता धक्क्याक! कितके दिस थांबाचा?"

"थांब रे. समुद्र मोठा आहे."

"समुद्र न्हय मोठो. तुमची आशा मोठी आसा."

हे मला तेव्हा फार गमतीदार वाटलं होतं.

सातवा शुक्रवार आला. यादी द्यायला आठ दिवस उरले होते. माझ्या मनात यादी तयार होती, पहिलं नाव माझं, तिकीटसुद्धा बघून ठेवलेलं. मास्तर त्या दिवशी उठून फ्रिजपाशी गेले. बोटीला हात लावला, पण सरकवली नाही. म्हणाले, "समजा, पोचली. अर्ज राजाच्या दारात पोचला. आता राजानं काय करावं?"

मी उभा राहिलो. हातात माशाचा काटा होता, तो तलवारीसारखा धरला.

"वाचावा!" मी गरजलो. "वाच ना मेल्या! हात झिजतात काय तुझे? लोकांनी बसून लिहिलंय, तुला घडी उलगडायला होत नाही?"

मग बाबलच्या नाकातून सोलकढी आली. तो हसत होता की ठसकला होता, कुणास ठाऊक. मास्तर फक्त माझ्याकडे बघत राहिले. वर्गातला सगळ्यात ढ मुलगा उत्तराच्या अगदी जवळ आलाय आणि त्याला ते दिसत नाहीये, तेव्हा बघतात तसे.

जेवून मी खाटेवर आलो. गर्जना करताना सदऱ्याचं बटण तुटलं होतं. ते लावायला निळा डबा उघडला. वरच अर्जांचा गठ्ठा. सगळ्यात वरच्या कागदावर चहाच्या ग्लासाचं गोल वर्तुळ. म्हणजे मी त्यावर चहा ठेवत होतो. वर्तुळ एक नव्हतं, चार होती. खाली मास्तरांचं अक्षर.

सुई शोधताना तो कागद उलगडला गेला. एवढंच लिहिलं होतं:

"विषय: गणपतीची रजा. माझं नाव यादीत नसलं तरी चालेल. सोबतचे बारा अर्ज आपण वाचलेत, एवढी सही मात्र करावी. मी सगळ्यांना शब्द दिला आहे की आपण वाचाल. पुढच्या शुक्रवारनंतर मला बोट समुद्रात ठेवता येणार नाही."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, अमेरिकेविषयी आहे. दुसऱ्यांदा घाम आला. तिसऱ्यांदा मी उठून फ्रिजकडे बघितलं आणि मोजलं. तेरा तुकडे. चौदावा नाही. "तुमचं सगळंच आहे." एप्रिलपासून ज्याला मी आजोबांच्या शिव्या घालत होतो, तो मीच होतो.

मग मी बाकीचे वाचले. बाबलचा अर्ज: "माझी मुलगी सहा वर्षांची झाली. बाबा आंब्यांबरोबर येतात आणि आंब्यांबरोबर संपतात, असं ती शाळेत सांगते. तिला मला एकदा मोदकांबरोबर दाखवायचं आहे." गुरुनाथचा: "वडिलांना आता जमिनीवर बसवत नाही. गेल्या वर्षी पूजा शेजाऱ्यानं केली." मला सगळ्यांच्या घरचं तोंडपाठ होतं ना! यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. तळाशी जुन्या वर्षांचे होते. मास्तरांचे आठ. पहिल्या वर्षीचा दोन पानांचा, सुंदर, समासांसकट. दरवर्षी थोडा आखूड होत आलेला. आठ वर्षांत हा माणूस एकदाही गणपतीला गेला नव्हता. तोंडानं त्यांनी कधी मागितलं नाही आणि लिहिलेलं मी वाचलं नाही.

नंतर कळलं ते असं. मे महिन्यातच सगळ्यांचं ठरलं होतं. तेराच्या तेरा जण ऑफिसात जाऊन सांगणार होते, या फोरमनच्या हाताखाली आम्हांला काम करायचं नाही. टोळी गेली की फोरमन कसला? माझं वय तेव्हा सत्तावन्न. कंपनीनं मला सरळ विमानात बसवलं असतं, आणि त्यांचीही चार ठिकाणी पांगापांग झाली असती. मास्तर म्हणाले होते, मला थोडे दिवस द्या. फोरमनसाहेब वाचतील. बाबलनं विचारलं, कधी? मास्तर म्हणाले, बोट लागेपर्यंत. आणि सात शुक्रवार त्या माणसानं माझ्यासाठी अटलांटिक महासागर ताणून धरला होता.

चार वाजता सगळे चहाला बसले होते. मी गठ्ठा घेऊन गेलो. उभ्यानंच घडी उलगडली. मी पहिला अर्ज वाचायला लागलो. मोठ्यानं. मास्तर उठून उभे राहिले. मग गुरुनाथ. मग एकेक करून सगळे. बाबल शेवटी उठला, चहा हातात धरून, माझ्याकडे न बघता. बाराही अर्ज उभ्यानं झाले. आंब्यांपाशी मी अडखळलो, तेव्हा बाबलच म्हणाला, "पाणी घे, अण्णा. अजून बरेच आसत."

शेवटी मास्तरांचा वाचला आणि खाली सही केली. मग फ्रिजपाशी गेलो आणि ती बोट बोटानं ढकलत ढकलत वर इंग्लंडला नेऊन लावली. पत्र्याला पत्रा लागल्याचा आवाज आला.

"आता यादी तुम्ही करा," मी म्हटलं. "माझं नाव सोडून."

बाबल म्हणाला, "जो सगळ्यांत जास्त वर्सां गेलो नाय, तो पयलो."

मास्तर गडबडले. "नको, नको. माझं नाव शेवटी घाला."

"मास्तर," मी म्हटलं, "ज्याला यादीत नाव नको असेल त्यानं लेखी अर्ज करावा. मी वाचीन. आणि नामंजूर करीन."

असा हशा झाला की खालून हारिस विचारायला आला, लग्न कुणाचं ठरलं.

त्या वर्षी गणपतीला मास्तर गेले, बाबल गेला, गुरुनाथ गेला आणि आणखी एक जण. मी मंगफमध्ये राहिलो आणि हातभर मूर्तीपुढे आयुष्यातले पहिले मोदक वळले. ते इतके टणक झाले की डक्टच्या रिव्हेटऐवजी वापरता आले असते. बाबलनं मुलीचा फोटो पाठवला, दोन्ही हातांत मोदक. मास्तर परत आले, आणखी दोन वर्षं पत्रा कापला, आणि शाळेला अनुदान मिळाल्यावर कायमचे गावी गेले. जाताना मी विचारलं, "मास्तर, त्या खऱ्या अर्जाचं काय झालं?"

"पोचला. पण कागदांच्या ढिगात पडला. राजानं उत्तर दिलं नाही."

"मग लढाई?"

"ती पुस्तकात आहे. मला सांगायला आवडत नाही."

म्हणजे तीन महिने आम्ही ज्या लढाईची वाट पाहिली, ती सांगायचा त्यांचा बेतच नव्हता.

तो फ्रिज आता थंड करत नाही. तरी मी टाकत नाही. अमेरिका वाऱ्यावर कशी सोडणार? मास्तरांच्या खाटेवर नवा माणूस आलाय, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये चौदा अर्ज येतात, चौदावा माझा. तेरा मी वाचतो, माझा बाबल वाचतो, ठसक्यात, जरुरीपेक्षा जास्त मोठ्यानं. या वर्षी माझ्या अर्जावर चर्चा झाली आणि तो नामंजूर झाला. एकमतानं. मी चिडून मास्तरांना गावी फोन लावला.

"मास्तर, यंदा माझं नाव नाही लागलं!"

मागे शाळेची घंटा वाजत होती. "अर्ज वाचला त्यांनी?"

"वाचला. दोनदा. दुसऱ्यांदा उगाच, मजा म्हणून."

"उभ्यानं?"

"उभ्यानं."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले. "ठेवतो. तास आहे."

मी फोन ठेवला, फडक्यानं बोटीवरची धूळ पुसली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "गुरुनाथ, जायच्या आधी मला उकड काढायला शिकव. मोदक यंदा मी करणार आहे."

आतून उत्तर आलं, "लेखी द्या, अण्णा."